सरडगुहिरा, मांजर आणि घराचा उंबरठा

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला बहिणीकडे मुक्कामाला होतो. भाचा महाविद्यालयात शिकतो. त्याच्या पुण्यातील एका मित्राला शिक्षणासाठी परदेशी जायचे होते आणि जाताना आपला पाळीव येमेनी शॅमेलिऑन भाच्याच्या स्वाधीन करायचा होता. बहिणीच्या घरात दोन मांजरे आहेत. त्यांतले एक तर कूलरसमोरची जागा सोडत नाही. भाच्याने विचारले, "मामा, मांजरांना हळूहळू त्याची सवय होईल ना?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न का विचारावा, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, लहानपणी मामाने एक सरडगुहिरा पाळला होता अशी आख्यायिका आमच्या घरात आहे. आख्यायिका खरी आहे. फक्त तिचा शेवट कुणी सांगत नाही.

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी, बांधावरच्या बाभळीवर तो मला सापडला. वय नऊ-दहा वर्षांचे. फांदीवर पुढेमागे डुलत, वाऱ्याने हलणाऱ्या पानासारखा तो चालत होता. मी त्याला पिशवीत घालून घरी आणले, मागच्या पायाला दोरा बांधला आणि ढाळजेतल्या खुंटीला अडकवून ठेवले. रात्री त्याच्यासाठी दोन नाकतोडे आणि वाटीभर पाणी ठेवले. त्याने दोहोंकडे पाहिलेही नाही. तो काळपट पडला होता. रंग बदलतो म्हणून मी खूश होतो. सकाळी खुंटीला दोरा तेवढा होता आणि आजीची मांजर धान्याच्या पोत्यावर बसून तोंड चाटत होती. मी काठी घेऊन तिच्यामागे धावलो तेव्हा आजी म्हणाली, "मांजरीला कामून बोल लावतोस? घर तिचं हाय. त्याला तू आणलास."

या वाक्यात एक इतिहास दडलेला आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. घर मांजरीचे कसे झाले? आणि सरडगुहिरा घराबाहेरचा कसा राहिला? भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रश्नांत आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे वळू.

*

माणसाने गाय पाळली, घोडा पाळला, कुत्रा पाळला. मांजराच्या बाबतीत हे क्रियापद नीट बसत नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याचे साठे झाले, साठ्यांपाशी उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजर माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच पुरलेले मांजर सापडले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सायप्रसला मूळची रानमांजरे नव्हती, म्हणजे ते मांजर माणसाने बरोबर नेले होते. आपल्याकडे सिंधू संस्कृतीतील चन्हुदडो येथे १९३५-३६ च्या उत्खननात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर पळाले आणि पाठोपाठ कुत्रे. दोघांचीही पावले उमटली आणि भाजून कायम झाली. मांजर वस्तीत होते याचा असा जिवंत पुरावा दुसरा कोणता असणार?

धान्याचा साठा हे मांजराच्या गृहप्रवेशाचे कारण असेल, तर मराठवाडा हा मांजराचाच मुलूख म्हटला पाहिजे. ज्वारीची पेवे, भिंतीतली बळदे, तुरीच्या कणग्या. पुढे लातूरची गंजगोलाई आणि तिच्याभोवती वाढलेला धान्याचा व डाळीचा व्यापार. गंजगोलाईची मध्यवर्ती दुमजली इमारत १९१७ ची. सोळा रस्ते जिथे मिळतात अशा त्या बाजारात मांजराला कुणी आमंत्रण दिले नसेल. पण त्याला हाकलायचीही कुणाला गरज वाटली नसेल. ज्याची कणगी आहे त्याचे मांजर आहे, इतका तो साधा व्यवहार होता.

या व्यवहाराला रूढीने संरक्षण दिले. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आमच्या पिढीपर्यंत प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. सोन्याचे मांजर कुणी खरोखर वाहिले की नाही, हा प्रश्न गौण आहे. दंड परवडणार नाही एवढा मोठा ठेवला की कायदा आपोआप पाळला जातो, हे रूढीला ठाऊक होते.

आमच्या भागातील जुनी घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. त्या भिंतींच्या सांदीत पाल, छताच्या लाकडांत उंदीर, अंगणातल्या कुंपणावर सरडा आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी मांजर असे ते कुटुंब होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने त्याच जाड भिंती माणसांवर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर गावे हलली, पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग सिमेंटच्या घरांत गेली. माळवदाबद्दल पुढे कुणी हळवे होऊन बोलू लागले की मला ती पहाट आठवते आणि मी गप्प बसतो. पण एक गोष्ट तेव्हाही नजरेत भरली होती. शेडमध्ये संसार लागले, पहिले पोते आले आणि काही दिवसांत मांजरेही आली. घराचा आकार बदलला. मांजराचा त्यावरचा हक्क बदलला नाही.

*

आता सरडगुहिऱ्याकडे येऊ. प्रथम नावाचा घोळ मिटवला पाहिजे. कुंपणावर मान वरखाली करणारा, विणीच्या काळात लालबुंद होणारा तो बागेतला सरडा. सरडगुहिरा, म्हणजेच शॅमेलिऑन किंवा काही भागांत घोयरा, हा त्याहून पार वेगळा. त्याच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, त्यामुळे पाय चिमट्यासारखे फांदी धरतात. शेपूट गुंडाळी होणारी. डोळे शंकूसारखे बाहेर आलेले आणि दोन्ही स्वतंत्रपणे फिरणारे. जीभ शरीराइतकी किंवा त्याहून लांब. भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळणारी जात एकच. ती बिनविषारी आहे. तरी 'गुहिरा' या शब्दाचा धाक एवढा की विषारी समजून तिला दगडांनी मारतात. अंडी घालण्यासाठी मादी झाडावरून खाली उतरून माती उकरते, तेव्हा ती सर्वांत जास्त सापडते आणि सर्वांत जास्त मरते.

लातूर पॅटर्नमुळे आमच्या शहरात दरवर्षी जीवशास्त्र पाठ करणारी हजारो मुले येतात. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात सरीसृपांची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत शॅमेलिऑन आणि बागेतला सरडा ही दोन्ही नावे आहेत. मुले ती धडाधड म्हणतात. आपल्याच गावच्या बाभळीवर त्यांतला एक बसलेला असतो, हे मात्र त्यांना क्वचितच कुणी सांगितलेले असते. मारुती चितमपल्लींनी प्राण्यांची नावे रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा करण्यात आयुष्य का घालवले, ते अशा वेळी समजते. आपल्या भाषेतले नाव हरवले की समोरचा प्राणीही ओळखू येईनासा होतो.

साहित्यात सरड्याला जागा आहे, पण ती मानाची नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात आणि भागवताच्या दशम स्कंधात नृग राजाची कथा येते. दान दिलेली एक गाय पुन्हा राजाच्या कळपात मिसळली आणि नकळत दुसऱ्या ब्राह्मणाला दिली गेली. त्या दोषापायी राजा कृकलास, म्हणजे सरडा, होऊन विहिरीत पडून राहिला. पुढे श्रीकृष्णाने त्याला वर काढले. सरड्याचा जन्म ही येथे शिक्षा आहे. पंचांगात पाल अंगावर पडण्याचे आणि सरडा अंगावर चढण्याचे फळ देणारे कोष्टक असे. तेथे तो अपशकुन आहे. माहूर हे नांदेड जिल्ह्यातील दत्तस्थान. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केलेल्या भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंचा विस्तार आहे. त्यांत अजगर आहे, कपोत आहे, कोळी आहे, कुंभारीण माशी आहे. सरडा नाही. गंमत अशी की मांजरही नाही.

हा योगायोग असेल. पण साहित्याने या दोघांवर ठेवलेला आरोप मात्र एकच आहे, तो म्हणजे ढोंगाचा. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधन युधिष्ठिराला तपस्वी मांजराची गोष्ट ऐकवायला लावतो. हात वर करून तप करणारे आणि विश्वासाने जवळ आलेले उंदीर खाणारे ते मांजर. सातव्या शतकात महाबलीपुरमच्या शिल्पपटावर ते उंदरांसह कोरले गेले. मनुस्मृतीत ढोंगी धार्मिकाला 'बैडालव्रतिक' हा शब्दच आहे. सरड्याचे काय, हे सांगायला नकोच; प्रत्येक निवडणुकीत तो मराठी वर्तमानपत्रांत हजर असतो. चेखॉव्हने १८८४ मध्ये 'शॅमेलिऑन' नावाची कथा लिहिली. तिच्यातला पोलीस अधिकारी, कुत्रे कुणाचे आहे याप्रमाणे क्षणाक्षणाला मत बदलतो.

या रूपकांनी मराठी गद्याला धार दिली, हे मान्य. पण प्राण्यांवर अन्याय केला. मांजर ढोंग करत नाही. दबा धरणे ही त्याची शिकारीची रीत आहे आणि पोट भरलेले असले तरी हलणाऱ्या लहान जिवावर झेपावणे त्याच्या अंगात आहे. शॅमेलिऑनही लपण्यासाठी पार्श्वभूमीप्रमाणे रंग बदलत नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांमधले अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो, हे दाखवले. प्रतिस्पर्धी, मादी, ऊन, थंडी, भीती यांना दिलेला तो प्रतिसाद असतो. म्हणजे ज्याला आपण ढोंगाचे प्रतीक केले, तो प्राणी मनातले त्वचेवर दाखवून टाकतो. ढाळजेतल्या खुंटीला बांधलेला माझा सरडगुहिरा काळा पडला होता तो भीतीने. तो सांगत होता आणि मी ते मनोरंजन समजत होतो.

*

शॅमेलिऑन घरात आणण्याची कल्पना अलीकडची नाही. ॲरिस्टॉटलने त्याचे डोळे आणि पाय बारकाईने वर्णिले आहेत. प्लिनीने तो केवळ हवेवर जगतो असे लिहून ठेवले आणि ही समजूत युरोपात दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. १६६९ मध्ये क्लोद पेरोने पॅरिसमध्ये विच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या समजुतीला तडा गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १६७२ मध्ये, त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकार बाईंकडे अलेक्झांड्रियाहून शॅमेलिऑन आले. त्यांनी ते घरात ठेवले, त्यांचे निरीक्षण केले आणि १६८८ मध्ये दोन शॅमेलिऑनांची हकीकत प्रसिद्ध केली. प्राणी म्हणजे भावना नसलेली यंत्रे, हे देकार्तचे मत त्यांना मान्य नव्हते. पेरोच्या टेबलावर शॅमेलिऑन नमुना होता. स्क्युदेरीबाईंच्या घरात तो पाहुणा होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या दोन वृत्तींची तुलना जरूर करावी.

पण पाहुणा म्हणून आणलेला प्राणी परत जाऊ शकत नाही, हे त्या पाहुणचारातले न्यून आहे. १९७२ मध्ये केनियातून हवाई बेटांवर काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन आणले गेले. प्रवासाने ते अशक्त झाले होते, म्हणून प्राणी विकणाऱ्या मालकाने सावरण्यासाठी त्यांना अंगणात सोडले. ते सावरले आणि पसार झाले. आज त्या बेटांवर त्यांची रानटी वस्ती आहे आणि स्थानिक कीटक व गोगलगायी त्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. दया होती, पण उंबरठा कुठे आहे याचे भान नव्हते.

योगायोगाने तेच १९७२ हे आपल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे वर्ष. आपला सरडगुहिरा या कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मी लहानपणी केले ते आज कुणी मूल करत असेल तर त्याला समजावून प्राणी झाडावर परत सोडावा, आणि जखमी असेल तर वनविभागाला कळवावे. परदेशी जातींचे शॅमेलिऑन वन्यप्राण्यांच्या व्यापारावरील सायटिस कराराखाली येतात. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची परिवेश या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तो दुसऱ्याला देतानाही नोंद करावी लागते. थोडक्यात, मांजराला रूढीने वाचवले आणि सरड्याला कायद्याने. परंतु बंद घरात मध्यरात्री ना रूढी जागी असते ना कायदा. तेथे काम करते ते फक्त दार.

*

म्हणून भाच्याला मी सांगितले की, तुझा प्रश्नच उलटा आहे. मांजराला सवय होईल का, हे विचारून उपयोग नाही. मांजराने झेप घेतली नाही तरी शॅमेलिऑन मरू शकतो. त्याचे डोळे चहूकडे फिरतात; समोर सतत शिकारी दिसत असेल तर तो काळवंडतो, खाणे सोडतो आणि हळूहळू खंगतो. जाळीच्या अलीकडे शांत बसलेले मांजर आपल्याला मैत्रीचे चित्र वाटते. जाळीच्या पलीकडून ते कसे दिसते, याचा विचार करावा. आणि एकदा दात किंवा नख लागले की जखम किरकोळ दिसली तरी मांजराच्या तोंडातील जंतूंमुळे ती जिवावर बेतते. अशा वेळी उद्यावर न ढकलता पशुवैद्य गाठावा लागतो.

ज्यांना दोन्ही प्राणी ठेवायचेच आहेत, त्यांच्यासाठी वाट एकच, ती म्हणजे वेगळी खोली. तिचे दार आपोआप बंद होणारे हवे आणि त्या खोलीत मांजराने कधीच जायचे नाही. 'आम्ही घरात असताना चालते' हा अपवाद ठेवू नये. पिंजरा उंच, हवेशीर आणि धातूच्या घट्ट जाळीचा असावा, कारण नायलॉनची जाळी नखांनी फाटते. तो भिंतीला पक्का बसवावा, म्हणजे उडीने कलंडणार नाही. वरच्या दिव्याची ऊब मांजराला हमखास बोलावते. म्हणून पिंजऱ्याच्या माथ्यावर बसायला जागा राहू देऊ नये. आत दाट झाडोरा असावा, म्हणजे प्राण्याला नजरेआड होता येते. शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी ओळखत नाही, तो पानांवरचे थेंब चाटतो. माझ्या त्या वाटीभर पाण्याचे रहस्य हेच होते. मादी असेल तर नराशिवायही अंडी धरते, तिला उकरायला ओलसर मातीची कुंडी लागते. त्याला अतिनील किरणांचा खास दिवा लागतो, पण नांदेडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो तेव्हा दिव्यापेक्षा गारव्याची चिंता मोठी असते. आणि कोणत्याही सरीसृपाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

हे सारे ऐकून भाच्याने घराभोवती नजर फिरवली. खोल्या तीन. उन्हाळ्यात कूलरची हवा खेळावी म्हणून तिन्हींची दारे दिवसरात्र उघडी. बहीण म्हणाली, "दार लावून घेतलं तर आम्ही उकडून मरू, उघडं ठेवलं तर ते मरंल." विषय तेथे संपला. पुढे त्या मित्राला मांजर नसलेले एक घर मिळाले. भाचा चार दिवस खट्टू होता. मला मात्र त्याचा अभिमान वाटला. मी त्याच्याहून लहान होतो हे खरे, पण मला हा विचार सुचलाच नव्हता.

मांजरांना दोष देण्याचा यात मुळीच हेतू नाही. ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्या एका देशात मांजरे वर्षाला सुमारे पासष्ट कोटी सरीसृप मारतात. हा आकडा वाचून मांजराला खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु आजीच्या वाक्याचा अर्थ त्याहून कठीण आहे. मांजराला आपण आपल्या कणगीसाठी घरात घेतले. तिने घराबाहेर काय करावे, याची जबाबदारी मात्र आपण कधी घेतली नाही. निदान रात्री आणि पावसाळ्याच्या दिवसांत मांजर घरात ठेवणे एवढे जरी केले, तरी अंगणातल्या कुंपणावरचे काही जीव वाचतील.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. वर्गात शिकवताना मीही तिचा अर्थ 'अल्प कुवत' असाच सांगत आलो. आता सांगताना थोडा थांबतो. कुंपणापर्यंत धावून सरडा थांबतो, ते त्याला पुढे जाता येत नाही म्हणून नव्हे. त्याचे घर तेथेच असते म्हणून. कुंपणाच्या अलीकडचे घर मांजरीचे आहे आणि आपले आहे. गावी गेलो की मी बांधावर जातो. ती बाभूळ अजून आहे. तिच्यावर कधी कुणी डुलत चालताना दिसला तर खालूनच पाहतो आणि परत येतो.